पडवीतला कुत्रा आणि त्याची खाज

राजापूरच्या आसपासच्या वाड्यांत घरचा कुत्रा सहसा कुणी विकत आणत नाही. शेजारच्या गोठ्यात कुत्री व्याली, पोरांनी एक पिल्लू उचलून आणलं, घरच्या बाईने थोडी कुरकुर केली आणि संध्याकाळी करवंटीत त्याच्यासाठी आमटीभात पडला, एवढाच त्याचा गृहप्रवेश. नाव मोत्या, नाहीतर वाघ्या. पुढे जगेल तितकी वर्षं पडवी त्याची. परसातली वानरं हाकलायची, रात्री डुकरांवर भुंकायचं, पाखाडीवर परका माणूस दिसला की घर जागं करायचं, आणि बिबट्याच्या तावडीतून वाचलाच तर म्हातारं व्हायचं. अशा कुत्र्याची आठवण निघाली की त्याच्या इमानाच्या गोष्टी होतात. तो दिवसाचा किती वेळ खाजवण्यात घालवायचा, हे कुणी सांगत नाही. अलीकडे मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर या खाजेवर एक उपाय गावात पोचला आहे: कुत्र्याला ओट्सच्या पाण्याने आंघोळ घाला. उपाय खोटा नाही. पण तो एका विशिष्ट खाजेचा उपाय आहे आणि पडवीतल्या कुत्र्याची खाज बहुधा वेगळ्याच कारणाची असते. म्हणून आधी कारण शोधावं आणि आंघोळीचा विचार नंतर करावा.

ओट्सची बाजू आधी नीट मांडायला हवी. या धान्यात अ‍ॅव्हेनँथ्रमाइड नावाची द्रव्यं असतात, ती दाह आणि खाज कमी करतात. त्यातलं बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवतं आणि कातडीवर पातळ थर देतं. माणसांच्या बाबतीत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली बारीक दळलेल्या ओट्सला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. साखर-मसाला नसलेले ओट्स मिक्सरमधून पिठासारखे काढायचे, चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळून पाणी दुधाळ होतं का पाहायचं, मग कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं अंगावर जिरू द्यायचं आणि धुऊन टाकायचं. घरात नाचणीचं पीठ असताना ओट्स कशाला, असं कुणी विचारेल. नाचणी पोटाला उत्तम. पण अ‍ॅव्हेनँथ्रमाइड ही धान्यांमध्ये ओट्सचीच खासियत आहे, त्यामुळे नाचणीचं पाणी ते काम करणार नाही. मात्र ओट्सनेही आराम पडतो तो एक-दोन दिवसांचा. आंघोळीची मर्यादा दुसऱ्या एका प्राण्यात स्पष्ट दिसते: परदेशात पाळल्या जाणाऱ्या फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यालाही अशाच आंघोळी घालतात. त्याला वरचेवर न्हाऊ घातलं तर कातडीचं तेल निघून जातं आणि कोरडेपणा उलट वाढतो. त्याच्या शेपटीचे केस गळून खाज सुटते, तेव्हा मूळ पुष्कळदा मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीच्या आजारात असतं. तिथे धान्याचं पाणी कितीही ओतलं तरी ग्रंथीपर्यंत पोचत नाही.

आता राजापूरचं हवामान पाहा. मिरगापासून दसऱ्यापर्यंत इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अर्जुना आणि कोदवली फुगल्या की पाणी जवाहर चौकात येतं. या दिवसांत पडवीतल्या कुत्र्याचे वरचे केस वाळलेले दिसले तरी काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात आणि कानात ओल राहते. तिथे मॅलॅसेझिया नावाची बुरशी वाढते, कातडी चिकट होते, आंबूस वास येतो. अशा कुत्र्याला आणखी आंघोळी घालून ओला सोडणं म्हणजे बुरशीची सोय करणं. त्याला सुकं गोणपाट आणि बुरशीवरचं औषध हवं. खरा कोरडेपणा येतो तो थंडीत, आणि बराचसा आपणच आणलेला. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ आणि आम्लतेने उदासीनच्या जवळची. तिला कपड्यांच्या साबणाची वडी घासली की तेल जातं. न्हाणीच्या चुलीजवळ उबेला निजून अंगाला लागलेली राख क्षारयुक्त असते, तीही कातडी सुकवते. इथे मात्र ओट्स जरूर वापरावेत, आणि वडीही बंद करावी.

उरलेली बहुतेक खाज किड्यांची. ती ओळखायला दवाखाना लागत नाही. शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवायची, पडलेले काळे कण पांढऱ्या कागदावर घ्यायचे आणि वर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. कणांभोवती तांबडट डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. कानाची कड दोन बोटांत चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवू लागला तर खरजेचा दाट संशय घ्यावा. गोचीड तर उघड्या डोळ्यांनी दिसते. आंघोळीने अंगावरच्या काही पिसवा वाहून जातात खऱ्या, पण त्यांची अंडी, अळ्या आणि कोष गोणपाटात आणि जमिनीच्या फटीत असतात. कोष तर महिनोन् महिने थांबू शकतात. गोचिडीची एक मादी हजारो अंडी घालते, आणि जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत तिला हवी तेवढी भोकं मिळतात. म्हणून कुत्र्याबरोबर पडवीवरही उपाय करावा लागतो. हा प्रश्न नुसत्या खाजेचा राहत नाही: गोचिडीमुळे एहर्लिकिया आणि बबेसियाचे ताप येतात, कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात.

यावर जुनी माणसं म्हणतील, पूर्वीचे कुत्रे कुठे औषधं घेत होते? ठणठणीत जगले की! पण आठवणीत राहतात ते जगलेलेच. ज्याला लूत लागली त्याला दगड मारून हाकलला, तो कुठल्या तरी रानात मेला. त्याचं नाव कुणाला आठवावं? दुसरा आक्षेप गावठी औषधांचा. करंजेल आणि कडुनिंबाचा पाला किड्यांना काही प्रमाणात दूर ठेवतो, हे मान्य. पण भिंतीतली अंडी त्याने मरत नाहीत, आणि तेल कुत्रा चाटतो. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यात अनेक माणसं कातडीच्या दुखण्यांसाठी न्हातात, त्या पाण्यात गंधक असतं असं मानतात. खरजेवर गंधकाचं औषध पूर्वापार आहे, तेव्हा त्या समजुतीत तथ्य नाही असं नाही. पण औषधाचं प्रमाण मोजलेलं असतं, झऱ्याचं नसतं, आणि कढत पाण्याने सुजलेली कातडी आणखी पेटते. गाडीचं जळकं ऑइल आणि रॉकेल फासणं तर सरळ विषप्रयोग. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध तिला चुकूनही लावू नये; तिच्या जिवावर बेतेल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत रास्त आहे. तालुक्याचा दवाखाना लांब, गाडी मिळत नाही, आणि गुरांसाठी हिंडणाऱ्या डॉक्टरला कुत्र्याच्या खाजेसाठी कोण बोलावणार? पण याच कारणासाठी फणी आणि कागद आधी हवेत. फेरी एकच घडणार असेल, तर खाज कुठे आहे, कुठल्या महिन्यात वाढते, घरातल्या कुणाला पुरळ उठलंय का, हे सांगता आलं तर तिचं चीज होईल. घरी करण्यासारखं आणखी एक: रोजच्या नुसत्या भातात बाजारात स्वस्त झालेली तारली काटे काढून उकडून घातली तर तिच्या तेलाचा कातडीला फायदाच होईल. खारवलेली मासळी मात्र नको. ओट्सचं पाकीट घरात असू दे. पण त्याने कुत्रा दोन दिवस शांत निजला म्हणून तो बरा झाला असं समजू नये. खाज ही त्याची तक्रार आहे. कारण न शोधता ती गप्प केली, तर सोय आपली होते आणि दुखणं त्याच्याकडेच राहतं.