पॉइंट गार्ड मोजायचा कशानं?

वाराणसीत एखादा कोवळा पॉइंट गार्ड चमकला की वाद ठरलेला: इथूनच पुढे आलेला बास्केटबॉलपटू विशेष भृगुवंशी याच्यासारखा हा दुसरा होणार का? वाद फिरतो उंची आणि गुणांभोवती, आणि तिथेच तो फसतो असं मला वाटतं. आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपार न्यायचा आणि चोवीस सेकंद संपायच्या आत योग्य हातात द्यायचा, हे पॉइंट गार्डचं काम. त्यातले बरेच निर्णय गुणफलकावर उमटतच नाहीत. पास अचूक असला तरी पुढच्यानं बास्केट हुकवली की असिस्टही मिळत नाही. मग पाहावं ते हे, की दबावाखाली तो चेंडू किती वेळा गमावतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये, पाय जड झाल्यावर, मान वर ठेवून खेळतो का.

उंचीशिवाय भागत नाही, हा आक्षेप खरा, पण अपुरा. सात फूट दोन इंचांच्या सतनामसिंगला 2015 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या संघानं निवडलं, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उलट वाराणसीतल्याच सिंग भगिनी पाहा: दिव्या 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत भारताची कर्णधार, प्रशांती 2019 ची पद्मश्री, आकांक्षा तर पॉइंट गार्डच. गुण रक्तात होते, असं कुणी म्हणेल. मला घरातच मिळालेले तगडे प्रतिस्पर्धी जास्त महत्त्वाचे वाटतात. शिवाय कोवळ्या खेळाडूला मोजायची घाई कशाला? ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संघानं 2017 मध्ये विशेषशी करार केला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता.