पीक हाती येण्याआधी

धाराशिव
वेळ अमावस्येचा दुसरा दिवस

चि. सोनूस,


तुझं पत्र येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी मिळालं. घरात उंडे, भज्जी, शेंगापोळ्यांची गडबड चालली होती, म्हणून उत्तराला आज बसले. तू लिहिलंयस की तुमच्या ऑफिसात सगळ्यांना एकेक वही दिलीय आणि रोज झोपण्याआधी तिच्यात आभार मानावेत अशा तीन गोष्टी लिहायच्या आहेत. सुरुवातीला बरं गेलं, पण आता तेच ते होतंय : चहा, मैत्रीण, खिडकीतलं ऊन. आणि ज्या दिवशी मन खट्टू असतं, त्या दिवशी लिहिलेलं खोटं वाटतं. 'आत्या, चांगलं काही घडलंच नसेल तर आभार कशाचे मानायचे?' असं तू विचारलंयस.

काल रानात दिवसभर हाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. आपल्या येळवसमध्ये त्याचं उत्तर आहे, असं मला वाटतं. तू बऱ्याच वर्षांत येळवसला आली नाहीस, म्हणून सगळं नीट सांगते.

आदल्या रात्री आंबील करून ठेवली होती. ताक, जवारीचं पीठ, लसूण, मीठ. रात्रभरात तिला छान आंबटपणा आला. सकाळी तुझ्या बाबांनी आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेतली आणि आम्ही बाकीचे टोपल्या घेऊन मागं निघालो. रानात कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी केली, वरून शाल पांघरली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडले. निवद दाखवला. मग कुणीही तोंडात घास घालण्याआधी पिकाभोवती फिरून आंबील शिंपडली. पहिला वाटा रानाचा. त्यानंतर भज्जी, उंडे, गव्हाची खीर, शेंगापोळी आणि तांब्या तांब्या आंबील. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही न जेवता जाऊ दिलं नाही. ज्यांना स्वतःचं रान नाही, ते कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवलेच. अंधार पडल्यावर हेंडग्याची मशाल पेटवून पिकावरून ओवाळली. लातूर, धाराशिव, सोलापूर आणि पलीकडचा कर्नाटकाचा सीमाभाग, या सगळ्या मुलखात काल हेच चाललं होतं. शहरातल्या बाजारपेठा ओस होत्या.

यात एक गोष्ट आहे, जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून माझ्या ध्यानात आली नव्हती. येळवस सुगीनंतर येत नाही. रास घरात पडल्यावर देवाचे उपकार मानणारे सण जगात पुष्कळ आहेत. आपली येळवस मार्गशीर्षाच्या अमावस्येला येते. तेव्हा जवारी पोटरीत असते, हरभरा घाटे धरत असतो, गहू हिरवागार असतो. हाती अजून काहीच आलेलं नसतं. पुढं चिकटा पडू शकतो, पाखरं झडप घालू शकतात. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली आणि उभी जवारी रानात झोपली. त्याही वर्षी लोकांनी येळवस केली होती, आणि पुढच्या वर्षीही केली.

म्हणजे ही पूजा मिळालेल्या मालाची पावती नाही. पीक पदरात पडेल की नाही हे ठाऊक नसताना रानाला म्हणायचं, की तू आहेस, आम्ही तुझ्यावर जगतोय, आणि हे आम्हांला माहीत आहे. 'चांगलं काही घडलंच नसेल तर' या तुझ्या शंकेला माझं उत्तर हे आहे, सोनू. दिवस कसा गेला यावर आभार ठरवू नकोस. तो दिवस कुणाच्या आधारानं उभा राहिला, ते बघ. असा आधार वाईट दिवशीही असतोच.

तुझ्या वहीतला चहाच घे. मी इथं करते त्या चहाचा माग काढून बघ.

त्यातलं पाणी उजनीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या भीमा नदीवरच्या धरणातून उचललेलं ते पाणी बालाघाटचा चढ चढून आपल्या धाराशिवला येतं. १९८० साली धरण पुरं झालं, तेव्हा करमाळा-इंदापूरकडच्या कितीतरी गावांची घरं, विहिरी, मळे पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि तिथली माणसं ते पाहायला जातात. माझ्या नळाला धार लागते ती त्यांच्या सुटलेल्या गावांमुळं. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं, तो दुष्काळ आपल्याही जिल्ह्यानं सोसला. बायका रात्री टँकरची वाट पाहत घागरी रांगेत लावून बसत. नळ सोडला की अजूनही माझी नजर आधी बादलीकडं जाते, एक थेंब बाहेर पडतोय का ते बघायला.

त्यातलं दूध. आपल्याकडं पावसाचा भरवसा नाही, म्हणून भूम-वाशीकडच्या घरांना गाई-म्हशींनी तारलंय. तिथल्या खव्याच्या भट्ट्या तू पाहिल्या आहेस. कढईशी तासन्‌तास उभं राहून उलथनं फिरवायचं, दूध करपू द्यायचं नाही. त्या कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. ज्याच्या दारात म्हैस नाही, त्याच्या दारात शेळी आहे. आपली काळी उस्मानाबादी शेळी काट्याकुट्यांवर जगते, बऱ्याचदा जुळी देते आणि मुलीच्या फीला, म्हाताऱ्याच्या दवाखान्याला ऐनवेळी उभी राहते.

त्यातली साखर. दसरा-दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोयते, भांडीकुंडी, लहान लेकरं आणि कोंबड्यासुद्धा ट्रॅक्टरमध्ये घालून माणसं फडावर जातात. गावात मागं म्हातारी माणसं राहतात. काल येळवसच्या दिवशी त्या टोळ्यांतल्या बायका कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत होत्या.

एका कपात एवढी माणसं आहेत. वहीत नुसतं 'चहा' असं लिहिलंस तर ती कुणीच दिसत नाहीत, म्हणून ते लिहिणं तुला कोरडं वाटतं.

आता आणखी एक गोष्ट, जी कुणीच वहीत लिहीत नाही. पायाखालची जमीन. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. चारच्या सुमारास जमीन हलली. त्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावंही मातीला मिळाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. ज्या दगडमातीच्या रुंद भिंतींनी आणि जड माळवदांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं होतं, त्याच अंगावर आल्या. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपायचो. घरात भांडं वाजलं तरी सगळे उठून बसायचे. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले, वर छत आहे आणि शेजारची खोली शांत आहे, एवढंही मला पुष्कळ वाटतं. हे मी तुला भीती घालायला सांगत नाही. जमीन थिर राहणं हेही कुणीतरी दिलेलं आहे, असं ज्यानं ती रात्र पाहिलीय त्याला वाटतं.

पण त्या भूकंपाची गोष्ट तिथं संपत नाही. पडलेली गावं पुन्हा बांधताना बायका पुढं आल्या. वाळू-सिमेंटचा हिशेब, भिंतीतली सळई, ओलम्यानं भिंत सरळ आहे का ते बघणं, हे सगळं त्या शिकल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर त्यांचे गट टिकले, आणि पुढं दुष्काळात त्यांनी नवऱ्याकडून एखादा एकर मागून घेऊन त्यात घराला लागेल ते पिकवायला सुरुवात केली : डाळी, भाज्या, जवारी. बाजारात दर पडला तरी चूल पेटेल एवढं. त्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तसंच अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. कुणाला बाळंतकळा लागल्या, कुणाचं मूल तापलं, तर दारात पहिली येणारी तीच. वाचलेल्या माणसानं वाचल्याचे आभार असे मानले, तर मला ते वहीतल्या ओळींपेक्षा खरे वाटतात.

इथं तुला एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडं 'आहे त्यात समाधान मान' हे वाक्य नेहमी खालच्यालाच ऐकवलं जातं. सुनेला, मजुराला, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला. आपल्या जिल्ह्यात किती घरांतली कर्ती माणसं त्या कर्जापायी गेली, हे तू जाणतेस. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं असा पाऊस झाला की पिकाबरोबर मातीही वाहून गेली, नुसते दगड उरले. अशा रानाच्या धन्याला कुणी वही देऊन आभार लिही म्हणालं, तर ते क्रूर होईल. रानाचे उपकार मानणारा माणूस पीकविम्यासाठी भांडू शकतो, भांडलाच पाहिजे. ऊसतोड बाईच्या हातची साखर गोड लागते म्हणून तिच्या मजुरीचा प्रश्न सुटत नाही. उलट ती साखर कुठून आली हे ज्याला कळलं, त्याच्यावर तिच्या बाजूनं बोलायची जबाबदारी येते. म्हणून तुझ्या ऑफिसात काही चुकीचं चाललं असेल, तर वहीतल्या तीन ओळींनी ते झाकू नकोस. उपकार लक्षात ठेवायचे आणि अन्यायही लक्षात ठेवायचा. दोन्हीला जागा असते.

आभार मानायची आणखी एक रीत मला तेरला सुचली. गेल्या महिन्यात तिथं गेले होते. संत गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि मग लामतुरे संग्रहालयात बराच वेळ थांबले. रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. पावसानं गावची पांढरी धुतली की जे वर यायचं, ते त्यांनी आयुष्यभर गोळा केलं आणि पुढं ते सरकारच्या हवाली झालं. तगर म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव परमुलखापर्यंत ठाऊक होतं, इथलं कापड भडोचच्या बंदरात जायचं. पण त्या कपाटांत राजांपेक्षा घरंच जास्त दिसतात : मातीचे दिवे, मडकी, मणी, बांगड्या, लेकरांची खेळणी. कुणी घडवलं त्यांची नावं कुठंच नाहीत. गोरोबाकाका त्याच गावचे, चिखल तुडवणारे कुंभार. त्यांनी भक्तीसाठी चाक सोडलं नाही. रोज वापरायची वस्तू नीट घडवून दुसऱ्याच्या हातात देणं, ह्यात त्यांचा विठ्ठल होता. तिथून बाहेर पडताना वाटलं, ज्यांची नावं उरली नाहीत त्या हातांचं आपण काय देणं लागतो? एवढंच, की आपल्या हातचं कामही तितकंच नीट व्हावं.

तेव्हा वही बंद करू नकोस, फक्त लिहिण्याची रीत बदल. तीन गोष्टी लिहू नकोस, एकच लिही. ती तुझ्यापर्यंत कुणाच्या हातून आली ते लिही, आणि शक्य असेल तिथं त्या माणसासाठी तू उद्या काय करशील ते लिही. कधी ते 'धन्यवाद' म्हणणं असेल, कधी वेळेवर पैसे देणं, कधी पाणी वाया न घालवणं, कधी कुणाची बाजू घेणं. ज्या दिवशी मन उदास असेल त्या दिवशी तसंच लिही, 'आज बरं वाटत नाही'. आणि त्याखाली, आज जेवले ते कुणी रांधलं होतं, एवढं लिही. ते खोटं होणार नाही.

आंबील आणि भज्जी पाठवता येत नाही, पण शेंगापोळ्या टिकतात. गावातला एक मुलगा उद्या पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा देते. जरा जास्तच केल्यात. तुमच्या इमारतीचा जिना झाडायला ज्या मावशी येतात म्हणालीस, त्यांचं नाव अजून तू विचारलेलं नाहीस असं दिसतं. पत्रात 'झाडायला येणाऱ्या बाई' एवढंच आहे. आधी नाव विचार, मग अर्ध्या पोळ्या त्यांना दे. आणि पुढच्या येळवसची रजा आत्ताच टाकून ठेव. तुझ्या मैत्रिणीलाही घेऊन ये. कोपीजवळ जागा भरपूर असते.

प्रकृतीला जप. आईबाबा खुशाल आहेत.

तुझी,
आत्या