वेळेची नोंद

पक्षाघात हा वार्धक्याचा अटळ भोग समजून हात जोडून बसण्याची आपल्याकडील रीत किती घातक आहे, हे माझ्या थोरल्या काकांच्या आजारपणात मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेले काका त्या सकाळी आकाशवाणीच्या बातम्या ऐकत बसले असता त्यांच्या उजव्या हातातून चहाची बशी निसटली, तोंड वाकडे झाले आणि वाचा खुंटली. शेजारच्या मंडळींनी तेलाच्या मर्दनाचा व ॲस्पिरिनचा आग्रह धरला. परंतु काकूंनी दोहोंस साफ नकार देऊन आम्हांस तडक वाईहून साताऱ्यास निघावयास लावले. ‘ते धडधाकट असे अखेरचे केव्हा दिसले?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. बातम्यांमुळे काकूंना ती वेळ नेमकी सांगता आली, आणि उपचाराचा निर्णय बव्हंशी त्या नोंदीवरच झाला.

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबो की फुटो, बाह्य लक्षणे बहुधा सारखीच दिसतात. निवाडा होतो तो सीटी स्कॅननेच. गुठळी असल्यास साडेचार तासांच्या मुदतीत ती विरघळविणारे औषध शिरेतून देता येते. मोठी वाहिनी बंद असल्यास जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर काढता येते, आणि निवडक रुग्णांत हे 24 तासांपर्यंतही साधते. मात्र रक्तस्राव असेल, तर तेच औषध प्राणांवर बेतते. काकांच्या हृदयाच्या अनियमित स्पंदनांमुळे तेथे साकळलेली गुठळी मेंदूच्या डाव्या भागात जाऊन अडकली होती. औषध मुदतीत मिळाले आणि हाताची शक्ती बरीचशी परतली.

वाचेस मात्र दीर्घकाळ लागला. पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी 1861 साली ज्या डाव्या भागाशी वाणीचा संबंध दाखविला, तोच दुखावला होता. म्हणून साधे ‘पाणी’ मागता न येणारे काका मुखोद्गत रामरक्षा मात्र सलग म्हणत, तेव्हा आम्ही स्तिमित होत असू. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी त्याच लयीत नित्याचे शब्द बसविले, आणि काकूंनी रोज संध्याकाळी ते काकांकडून अथक घोटून घेतले.

रक्तदाब व नाडी वेळोवेळी तपासून घेतल्यास हा आघात पुष्कळदा टळू शकतो. तथापि तो झालाच, तर क्षणही दवडू नये. आणि सीटी स्कॅनची अहोरात्र सोय असलेले नजीकचे रुग्णालय कोणते, याची माहिती प्रत्येक कुटुंबाने आजच करून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.