बोर्डोच्या पानावरची जाहिरात

ऑक्टोबरातली सकाळ. द्राक्षाच्या गोड्या छाटणीचे, बागेवर बोर्डो हे बुरशीनाशक फवारायचे दिवस होते. शिवारातल्या एका काकांचा फोन आला. "अरे, बोर्डोचं माप बघायला तुझ्या वेबसाइटचं पान उघडलं, बोट लावलं आणि ट्रॅक्टरचं दुकानच उघडलं! दोनदा तसंच झालं. शेवटी शेजाऱ्याला विचारून केलं."

मी लगेच बागेत गेलो. काकांचे हात मोरचुदाने निळे झालेले, फोन मळक्या रुमालात. त्यांनी माझ्यासमोर पान उघडलं. मजकूर दिसला. "एक किलो मोरचूद" या ओळीवर ते बोट ठेवणार, एवढ्यात वरून जाहिरात उतरली, ओळ खाली सरकली आणि बोट जाहिरातीवर पडलं. मला त्या क्लिकचे पैसे मिळणार होते. पण ती कमाई मला नकोशी वाटली.

आमची बाग निफाड तालुक्यात. द्राक्षाच्या कामांविषयी मराठीत नीट लिहिलेलं एका जागी मिळावं म्हणून मी 2019 मध्ये वेबसाइट सुरू केली. पानांवर जाहिराती लावणारी गूगलची अ‍ॅडसेन्स सेवा 2003 पासून होती, पण मराठी पानांना ती मिळू लागली 2018 मध्ये. पानावर काय लिहिलंय ते यंत्र वाचतं आणि त्या विषयाला जुळणारी जाहिरात लावतं, अशी ही पद्धत. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता पडताळायला टपालाने सहा आकड्यांचा क्रमांक येतो. पोस्टमनने ते पाकीट हातात दिलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. प्रत्यक्ष पैसे मात्र 100 डॉलर जमल्यावरच बँकेत येतात. तिथवर पोचायला मला वर्षाहून अधिक काळ लागला.

त्या वर्षात मी नको त्या सगळ्या गोष्टी केल्या. जाहिराती वाढवल्या. एक मथळ्याखाली, एक प्रत्येक परिच्छेदानंतर. भाच्याने तर घरच्या गटावर सांगितलं, "मामाच्या जाहिरातींवर रोज क्लिक करा." मला कळलं तेव्हा मी त्याला समजावलं, की त्या क्लिकचे पैसे जाहिरात देणाऱ्याच्या खिशातून जातात आणि तो आपल्यासारखाच धंदा करणारा माणूस असतो. अशा क्लिकांची रक्कम नंतर वजा होते, खातंही बंद पडू शकतं. पण मुळात तो खोटेपणा आहे, हे त्याला जास्त पटलं.

काकांच्या फोननंतर मी सगळी पानं काकांच्या नजरेने, मोबाइलवर, उन्हात उभं राहून वाचली. तेव्हा खरी चूक सापडली. माझ्या लेखांचे मथळे होते "आज बागेत", "थोडं मनातलं". फवारणीचे तक्ते मी वहीत लिहून त्यांचे फोटो टाकले होते. यंत्राला त्यातून काय कळणार? म्हणून द्राक्षाच्या पानावर झटपट कर्जाच्या आणि वशीकरणाच्या जाहिराती येत होत्या. आणि ज्या माणसाला फोटोतलं बारीक अक्षर दिसत नव्हतं, त्यालाही काही कळत नव्हतं. यंत्राची अडचण आणि वाचकाची अडचण एकच होती.

मग कामाला लागलो. "आज बागेत" या लेखाचं नाव झालं "ऑक्टोबर छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण कसं करावं". तक्ता टाइप केला: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचे, धातूच्या नाही. मिश्रण झाल्यावर घासलेला विळा त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची थोडी निवळी आणखी घालायची. अण्णा ही परीक्षा वर्षानुवर्षं करत आलेत. मी ती कधी लिहिलीच नव्हती, सगळ्यांना ठाऊक असेल असं धरून चाललो होतो.

जाहिराती निम्म्याहून कमी केल्या. मापाच्या तक्त्याजवळ एकही ठेवली नाही. उरलेल्यांसाठी पानात आधीच चौकट राखली, म्हणजे जाहिरात उशिरा आली तरी ओळ हलत नाही. प्रत्येकीवर "जाहिरात" असं स्पष्ट लिहिलं. ज्योतिष आणि झटपट श्रीमंतीचे वर्ग बंद केले. मोठाले फोटो हलके केले, कारण बागेत नेटवर्कची एखादीच काडी असते. छाटणीचे लेख ऑक्टोबरात न लिहिता ऑगस्टमध्येच लिहू लागलो. शोधणाऱ्याला पान सापडायला वेळ लागतो, आणि गरज पडेल तेव्हा ते तयार असायला हवं.

पहिल्या महिन्यात कमाई घसरली. घरात काळजीचं बोलणं झालं. पण जाहिराती बदलू लागल्या. ठिबक, फवारणी यंत्र, विद्राव्य खतं, क्रेट. माणूस ज्या कामात आहे त्याच कामाची वस्तू शेजारी दिसू लागली. लोक पान शेवटपर्यंत वाचू लागले, डाऊनी रोगाच्या लेखावरून भुरीच्या, भुरीच्या लेखावरून एप्रिलच्या खरड छाटणीच्या लेखावर जाऊ लागले. पुढच्या हंगामात जाहिराती कमी असूनही पैसे आधीपेक्षा जास्त आले. 2024 पासून क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मिळू लागले, तेव्हा वाचणारा माणूस पानावर थांबणं आणखीच मोलाचं ठरलं.

ही रक्कम मोठी नाही. वेबसाइटचा वर्षाचा खर्च निघतो, आणि वर उरतं त्यात माती-पाणी परीक्षणाचे पैसे भागतात. त्या परीक्षणाचे आकडे मी पुन्हा पानावरच लिहितो. लिखाणाच्या पैशातून बागेचं लिखाण चालावं एवढीच माझी इच्छा होती, ती पुरी होतेय.

गेल्या छाटणीला काकांच्या बांधावर गेलो होतो. पिंपाशेजारी दगडावर फोन टेकवलेला, पान उघडं. हात निळेच होते, पण फोनला त्यांनी बोट लावलं नाही. नुसतं वाकून वाचलं, विळा बुडवला, वर काढून उजेडात धरला. पातं स्वच्छ होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि पंप चालू केला.