समुद्राचा हंगाम

भरूच आणि सोपारा येथून ज्यांची गलबते निघत, त्या व्यापाऱ्यांना कोणता माल भरावा याच्या आधी केव्हा निघावे हे ठरवावे लागे. वारा अनुकूल नसेल तर भरलेले गलबतही बंदरातच उभे. ‘मोसम’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, तो याच समुद्री ऋतुज्ञानाचे बोट धरून. चैत्र-आश्विनाच्या ओळीत श्रीपाळ राजाचा रास ऐकताना धवल शेठची जहाजे, त्याची लोभी वृत्ती आणि श्रीपाळाला समुद्रात ढकलण्याचा प्रसंग आपण दर वर्षी अनुभवतो. समुद्र आपल्या परंपरेला परका नाही. मात्र आपले पूर्वज समुद्रावरून गेले. समुद्राच्या आत जाण्याचा प्रश्न आमच्या घरात यंदा प्रथमच आला.

अक्षय्यतृतीयेला आमच्या कन्येचे वर्षीतपाचे पारणे झाले. तेरा महिने एक दिवस उपवास, एक दिवस बियासणा. पारण्यानिमित्त तिला काय द्यावे, असे आजीने विचारले तेव्हा एखादा दागिना मागेल अशी सर्वांची अपेक्षा होती. तिने मागितले ते अंदमानच्या समुद्रातील स्कूबा डायव्हिंग. आजी काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जा, पण केव्हा जायचे ते नीट विचार करून ठरवा.”

हे ‘केव्हा’ वाटते तितके सोपे नव्हते. आमचा व्यवसाय लग्नाच्या कापडाचा. तुळशीचे लग्न लागले की पेढीवर श्वास घ्यायला फुरसत नसते. खरी उसंत मिळते ती चातुर्मासात आणि नेमक्या त्याच महिन्यांत समुद्राला उसंत नसते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो. अंदमानात तो त्याआधीच, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो. तेथून पुढे सप्टेंबरपर्यंत लाटा उंच, पाणी गढूळ आणि बोटींचा भरवसा नाही. आपल्या मालवण-तारकर्लीलाही पावसाळ्यात हे सारे बंदच असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. साधू-साध्वी चार महिने एका स्थानी राहतात, श्रावकही प्रवास आवरता घेतो. चातुर्मासाची आज्ञा पावसाळ्यात उद्भवणाऱ्या असंख्य जीवांच्या रक्षणासाठी आहे, समुद्रपर्यटकांच्या सोयीसाठी नव्हे, हे मी जाणतो. तरीही दोन्ही पंचांगे या चार महिन्यांबद्दल एकच सांगतात, याचे मला समाधान वाटले.

पण चातुर्मास संपला म्हणजे समुद्र लगेच मोकळा होतो असे नाही. आपल्याकडे दिवाळीत आकाश निरभ्र होते, म्हणून बहुतेक कुटुंबे त्याच सुटीत अंदमानची तिकिटे काढतात. तेथे मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा दुसरा हंगामही हाच. नोव्हेंबर त्यात विशेष. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतो तसा आपणही सुरू करावा, हा विचार मोहक आहे, पण त्या बेटांना तो लागू पडत नाही.

थोरल्या चिरंजीवांनी धनुर्मासाचा पर्याय मांडला. मध्य डिसेंबर ते मकरसंक्रांत लग्ने नसतात, पेढीचे नुकसान नाही. हिशेब बरोबर होता. परंतु त्याच पंधरवड्यात नाताळ आणि नववर्षाची गर्दी उसळते आणि विमानभाडे आकाशाला भिडते. शिवाय त्याच सुमारास पोष दशमी येते, कन्येचा त्या दिवसांत अठ्ठम असतो. उपवासाने शरीरातील पाणी कमी होते आणि खोल पाण्यातून वर येणाऱ्याला ते धोक्याचे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो. शरीर कोरडे असेल तर त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. तेव्हा तपाचे दिवस आणि डुबकीचे दिवस वेगळेच ठेवावे लागतात. वर्षीतप चालू असताना आम्ही या विषयाचा विचारही केला नाही, तो यामुळेच.

मग धाकटे चिरंजीव म्हणाले, पारणे झाले आहे, मे महिन्यात लगेच निघू. शाळांना सुटी, हॉटेले स्वस्त. येथे मी प्रथमच ठामपणे नकार दिला. तेरा महिन्यांच्या तपानंतर शरीराला पूर्ववत होण्यास अवधी हवा, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. मला अधिक पटलेले कारण मात्र निराळे होते.

एप्रिल-मे महिन्यांत अंदमानचा समुद्र तापतो. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकते. त्याचा रंग त्या शैवालांचा आणि अन्नही बहुतांशी त्यांच्याकडूनच. ती गेली की प्रवाळ पांढरेफटक पडते आणि उपाशी राहते. २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाही तर मरते. ज्या महिन्यांत तो जीव असा तग धरून असतो, त्याच महिन्यांत नवख्या माणसांनी पायांत फिन्स बांधून त्याच्या डोक्यावर जावे, हे मनाला पटेना.

शांतिसूरींच्या ‘जीवविचारा’त विद्रुम, म्हणजे प्रवाळ, पृथ्वीकायात गणले आहे. आजचे प्राणिशास्त्र त्याला इवल्याशा प्राण्यांची वसाहत मानते. एकेंद्रिय की त्याहून वरचे, हा वाद विद्वानांनी करावा. ते सजीव आहे याबद्दल दोन्हीकडे मतभेद नाही. आपण मात्र पोवळे अंगठीत पाहिलेले लोक.

आजींचा आक्षेप याहून मूळचा होता. समुद्रात उतरणे म्हणजे अप्कायाची विराधना आलीच, मग हंगाम कोणताही असो. यावर उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. इतकेच म्हणालो की, गृहस्थाला विराधना पूर्ण टाळता येत नाही, त्याच्या हाती जयणा उरते; आणि केव्हा जावे हेही जयणेतच येते. समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ असेल तर नवखा माणूस प्रशिक्षकाच्या आधाराने पाण्यात स्थिर तरंगू शकतो. लाटा आणि गढूळपणा असेल तर तोल जातो, हात आधार शोधतो, पाय प्रवाळावर आपटतो. शांत हंगामात हिंसा कमी, हे उघड आहे.

आजींनी मग दिक्‌परिमाण व्रताची वही काढली. आपण पूर्व-पश्चिमेच्या मर्यादा लक्षात ठेवतो. ऊर्ध्व आणि अधो या दिशांचीही मर्यादा असते हे बहुधा विसरतो. जुन्या टीकांत अधोदिशेच्या अतिक्रमाचे उदाहरण विहिरीत उतरण्याचे दिले आहे. कन्येने वर्षीतपाच्या आरंभी खाली शंभर फूट अशी मर्यादा घेतली होती, बहुधा विहिरी आणि तळघरे डोळ्यांसमोर ठेवून. प्रशिक्षकासोबतची पहिली डुबकी १२ मीटरपर्यंतच असते, म्हणजे सुमारे चाळीस फूट. आजींनी तो आकडा दोनदा विचारला आणि वही मिटली.

उरले ते जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च. या दिवसांत बेटांवर पाऊस सर्वांत कमी, वारा मंद, आणि चांगल्या दिवशी पाण्याखाली वीस-पंचवीस मीटरपर्यंत स्पष्ट दिसते. मार्च हिशेबपूर्तीचा महिना, म्हणून तो व्यापाऱ्याच्या घरात आपोआप बाद. राहिला फेब्रुवारी. ऐन लग्नसराईत दोन मुहूर्त हातचे जातील, त्यातून होणारी तूट मी कागदावर मांडून पाहिली. रक्कम लहान नाही. थोरल्या चिरंजीवांचा चेहरा अजूनही पूर्ण खुललेला नाही आणि त्यांचे म्हणणे चूक आहे असे मला वाटत नाही.

फेब्रुवारीचा आणखी एक लाभ आमच्यासारख्यांनाच कळेल. अंदमान पूर्वेला बरेच दूर, घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरच्या आरंभी तेथे पाचच्या आधीच सूर्यास्त होतो, चोविहार करणाऱ्याची धावपळ होते. फेब्रुवारीत साडेपाचच्या जरा आधीपर्यंत वेळ मिळतो. सकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय, साडेसहाला नवकारसी, मग उकळलेले पाणी पोटभर आणि हलका आहार घेऊन बोटीवर. रात्रभर चोविहार असल्याने सकाळचे पाणी तिने टाळू नये, अशी सक्त सूचना आहे. खाखरे, मुगाची डाळ आणि सुंठ सोबत जाईल.

आता चातुर्मास चालू आहे. कन्या रोज तरणतलावावर जाऊ लागली आहे. वैद्यकीय प्रश्नावली भरून झाली. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, प्रत्येक ओळीपुढे ‘नाही’. माझ्या रक्तदाबामुळे मी काठावरच राहणार. स्वराज द्वीपावर चार मुक्काम, डुबकी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी. शेवटच्या डुबकीनंतर चोवीस तास विमानात बसायचे नाही असे आम्ही ठरवले आहे, म्हणून परतीच्या आधीचा एक दिवस श्रीविजयपुरम म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळा ठेवला आहे. तो आजींनी आधीच मागून घेतला आहे. त्यांना सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहायची आहे.