टेम्पो

"आजोबा, स्पर्धेला मी टेम्पो घेणार," असं नातू फोनवर म्हणाला, तेव्हा मला कापसानं भरलेला टेम्पोच दिसला! पण मंडळी, हा टेम्पो पत्त्यांतला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली आला. आपल्या मेंढीकोटात वाट्याला येतील ती पानं खेळायची. इथं निदान ६० पानांचा गठ्ठा आपणच निवडून घरून न्यायचा. बळ मिळतं ते जमिनीच्या पानांतून, आणि एका पाळीला जमीन एकच उतरवता येते. म्हणून भारी पानांना वेळ लागतो. टेम्पोवाला थांबत नाही. स्वस्तातला एखादा चपळ प्राणी लवकर उतरवतो आणि मग समोरच्याच्या चाली मोडत राहतो. डाव लांबला तर मात्र मागे पडतो.

"मग भारी पानंच का नाही घेत?"

"ती खेळायला वेळ मिळेलच असं नाही ना!"

हे मला लगेच पटलं. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यांच्या वाटेला लागत. पुरं वर्ष मिळेल असं धरून शिकवलं तर त्यांच्या पदरात काही पडत नसे. म्हणून वाचन आणि हिशेब मी आधी पक्के करून घेई, बाकीचं नंतर. काहींना तेवढं पुरलं, काहींना नाही.

आपल्याला काय आवडतं यापेक्षा वेळ किती मिळणार हे आधी बघावं, एवढंच नातवाला सांगितलं. असो. तुमच्याकडे कुणी खेळतं का हा खेळ?