सायकलसाठी वाट



पालक-शिक्षक सभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलाला सायकल घेऊन दिली, पण ती चालवायची कुठे?" पेडण्याकडचे पालक राष्ट्रीय महामार्ग ६६ कडे बोट दाखवतात. तो चौपदरी झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. डिचोलीकडचे पालक खनिजाच्या ट्रकांविषयी बोलतात. मग सायकल पडवीत उभी राहते, तिच्यावर धूळ बसते आणि मूल दहावी झाले की थेट मोटारसायकल मागते. पालकांची भीती खोटी नाही. पण "सायकल बाहेर काढू नकोस" हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, असे मला वाटते. म्हणून या अंकात त्याविषयीच लिहीत आहे.

जगात अलीकडे सायकलचा एक नवा प्रकार लोकप्रिय झाला आहे. डांबरी रस्ता सोडायचा आणि खडी-मातीच्या, गाड्या नसलेल्या रस्त्यांनी लांबवर जायचे. त्याला 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात २००६ साली अशी २०० मैलांची शर्यत सुरू झाली, तेव्हा तिच्यात मोजकेच लोक होते. आज तेथे हजारो येतात. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

मला मात्र इटलीतलीच दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. टस्कनी प्रांतात पांढऱ्या खडीचे जुने ग्रामीण रस्ते आहेत. त्यांवर एकामागून एक डांबर पडू लागले, तेव्हा ते वाचवावेत म्हणून १९९७ साली काही सायकलप्रेमींनी जुन्या सायकली घेऊन त्यांवरून फेरी काढली. 'लेरोइका' हे तिचे नाव. ही फेरी पुढे जगप्रसिद्ध झाली आणि त्या रस्त्यांना मान मिळाला. यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे : ज्या वाटेवर माणसे असतात, ती वाट राहते.

असे रस्ते आपल्याकडेही आहेत, फक्त आपण त्यांना रस्ते मानत नाही. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे अशा वाटेला माझ्याकडे 'पगडंडी' हा एकच शब्द होता. इथल्या मुलांनी मला बाकीचे शब्द शिकवले. दोन्ही बाजूंना दगडी गडगे असलेली ती पाणंद. भातशेतीच्या बांधावरची ती मेर. आणि जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून जाणारी ती सड्यावरची वाट.

या सगळ्यांत सायकलला सर्वांत सोयीचा रस्ता कालव्याच्या काठाचा. दोडामार्ग तालुक्यातील तिळारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. दोन्ही राज्यांत त्याचा करार १९९० साली झाला. त्याच्या कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली आणि बार्देस तालुक्यांत येते. पाणी पंपाशिवाय आपोआप वाहावे म्हणून कालवा डोंगराच्या कुशीतून अगदी बारीक उतार देत नेलेला असतो. साहजिकच त्याच्या देखभालीसाठी केलेला कच्चा रस्ताही जवळजवळ सपाट असतो. एका हाताला सह्याद्रीच्या पायथ्याचे रान, दुसऱ्या हाताला पाणी, आणि तासभरात फार तर एखादी गाडी!

गेल्या डिसेंबरात नववीच्या १४ मुलामुलींना आम्ही साळ परिसरात अशा रस्त्यावर नेले. रीतसर परवानगी घेतली होती. चार शिक्षक आणि दोन पालक बरोबर होते. महागडी सायकल एकाकडेही नव्हती. सगळ्या रोजच्या, दोघांच्या तर मोठ्या भावंडांच्या. वाटेत धनेशाची जोडी दिसली. पण माझ्या लक्षात राहिला तो एक मुलगा. कालव्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर त्याचे घर आहे. आपल्या बागायतीला येणारे पाणी कुठून येते हे त्याने त्या दिवशी प्रथमच पाहिले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मॅडम, हे सगळं एवढं जवळ होतं?"

या रस्त्यांची काही पथ्ये आहेत. जांभ्याची बारीक खडी टायरखाली मोहरीसारखी सरकते. म्हणून टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी, उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये आणि वळणाआधीच वेग कमी करावा. पावसाळ्यात शेवाळ धरते, तेव्हा हे रस्ते वर्ज्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. डोक्याला हेल्मेट हवेच. कालव्याच्या पाण्यात पाय बुडवायलाही उतरू नये. काठ सिमेंटचे आणि तिरके असतात, आत गेलेल्याला वर येता येत नाही. पाणी भरलेल्या जुन्या खाणींच्या जवळपासही फिरकू नये. आणि एकट्याने कधीही जाऊ नये.

आता थोडे अवघड बोलते. डिचोली तालुक्यातले रस्ते सायकलला मोकळे झाले ते खाणी बंद पडल्यावर. २०१२ साली खाणकाम थांबले, मध्यंतरी काही काळ सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले. त्या वर्षांत रस्त्यावरची लाल धूळ बसली आणि मुले सायकलवर दिसू लागली. पण त्याच वर्षांत कितीतरी घरांच्या अंगणात ट्रक उभे राहिले आणि त्यांच्या चाकांभोवती गवत वाढले. बँकेचे हप्ते थकले. फी भरायला मुदत मागणारे वडील माझ्यासमोर बसत, तेव्हा 'रस्ते किती शांत झाले' असे म्हणण्याचे धैर्य मला होत नसे. २०२४ साली डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. त्या ट्रकांवर आपल्याच मुलांची घरे चालतात. त्यामुळे 'ट्रक बंद करा' ही माझी मागणी नाही. ट्रक आणि मूल एकाच अरुंद रस्त्यावर येऊ नयेत, एवढीच आहे. ट्रकांना त्यांचा रस्ता मिळावा आणि मुलांना त्यांची वाट.

पेडण्यात प्रश्न वेगळा आहे. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळाबरोबर रोजगार आला, रस्ते आले, जमिनींचे भाव वाढले. पठारावर पूर्वी गुरांच्या आणि माणसांच्या वाटा होत्या. आता त्यांतल्या काही कुंपणांआड गेल्या. हे काही कोणाचे एकट्याचे पाप नव्हे. पण जी वाट कोणाला ठाऊकच नसते, ती बुजली तर तक्रार तरी कोण करणार? घाणेरीचे रान माजते, मग कुंपण पडते, आणि दहा वर्षांनी इथे वाट होती असे सांगणारा आजोबाही उरत नाही.

म्हणून यंदा एक उपक्रम ठरवला आहे. इयत्ता सातवीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत घरातल्या मोठ्या माणसांबरोबर आपल्या गावातली गाडी न जाणारी एक वाट चालून पाहावी. तिचे नाव, ती कुठून कुठे जाते, पावसात चालू असते का, आणि ती सार्वजनिक आहे की कोणाच्या जागेतून जाते, हे आजी-आजोबांना विचारून लिहून आणावे. भूगोलाचे शिक्षक त्यांतून आपल्या दोन्ही तालुक्यांचा एक नकाशा तयार करून घेतील. पालकांना विनंती, की ज्या वाटा सार्वजनिक आहेत त्यांचा विषय आपापल्या ग्रामसभेत मांडावा. विश्वस्त मंडळाकडे मागणे लहानच आहे : शाळेसाठी २० हेल्मेट आणि पंक्चर काढायच्या साहित्याचे दोन संच.

पडवीतल्या सायकली पुसून ठेवा. नकाशा तयार झाला की जानेवारीत पहिली फेरी काढू.